व्यायामाचे सुटे

मालकीणबाईंनी पाणसळ पिनबॉल मशीनच्या काचेवर ठेवली, एका टोकाखाली नवऱ्यानं तासून दिलेली लाकडी पाचर सरकवली आणि डोळे बारीक केले. मशीनचा चढ बरोबर असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो. हा खेळणाऱ्याच्या बाजूला सरकून बसला, जेवून सुस्तावलेल्या जावयासारखा.

"परत कुणीतरी मशीनचे मागचे पाय खाली केलेत."

सून गुडघे टेकून नाण्यांच्या पेटीचं कुलूप काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"स्क्रू सैल होत असतील, आई."

"आपोआप? आणि दोन्ही पायांचे सारखेच?"

पब अजून उघडायचा होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. काउंटरमागे पबवाला मघापासून एकच पेला पुसत होता. बाहेर टेम्पो उभा होता आणि टेम्पोतले दोन हमाल आत कधी बोलावतात याची वाट बघत होते. स्टेशनजवळच्या पबवाल्यानं हे पिनबॉल मशीन मागितलं होतं. तिथं गर्दी असते. इथं कमाई नव्हती, नुसतं कोपऱ्यात मुरत होतं, लोणच्याच्या बरणीसारखं.

धंदा मुळात नवऱ्याचा. मशीन आपलं, दुरुस्ती आपली, जागा आणि वीज पबवाल्याची, गल्ला निम्मा-निम्मा. नवऱ्याचे हात थरथरायला लागले तशी पबांची फेरी सासू-सुनेकडे आली. मालकीणबाईंची शाळा चौथीतच सुटली होती, पण चढाचं गणित त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. चढ जास्त तर आतली पोलादी गोळी सुसाट खाली येते, खेळ झटपट आटोपतो, चिडलेला माणूस दुसरं नाणं टाकतो. चढ कमी तर एका नाण्यात अख्खी दुपार.

त्यांना कळत नव्हतं ते वेगळंच. आतली रबरं झिजली होती. काचेवर धुळीचा कण नव्हता. म्हणजे मशीन खेळलं जात होतं, चांगलं नेमानं. आणि पेटीत पडत होती मूठभर नाणी. पंगत रोज उठते आणि पीठ काही कमी होत नाही, असं कुठं असतं का?

"चटकन आटपू या," सून म्हणाली. "आज शुक्रवार. बाबा हातांच्या व्यायामाला निघतील."

"निघू देत. ते काय माझ्या पायांनी जातात? त्या व्यायामाच्या बाईंना नोटा का चालत नाहीत, देव जाणे. सुट्यांसाठी सकाळपासून भुणभुण."

त्यांनी गोळी मारायचा दांडा ओढून बघितला. तो लोण्यात सुरी जावी तसा मागे आला.

"ही स्प्रिंग कुणी टाकली?"

"मी. जुनी तुटली होती."

"सगळ्या मशिनांना कडक, आणि इथं ही पिसासारखी?"

सुनेनं पाना उगाचच या हातातून त्या हातात घेतला. मालकीणबाईंचं लक्ष आता बाजूच्या खुर्चीकडे गेलं. उंच, पाठ असलेली. पबमधली तेवढी एकच खुर्ची टेबलावर चढवलेली नव्हती.

"उभ्यानं खेळायचा खेळ हा. खुर्ची कुणासाठी?"

"दमतात काही जण," पबवाला पेल्याशीच बोलला.

"तरणेताठे लोक?"

"सगळेच तरणे नसतात, बाई."

मालकीणबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं. दोघांनाही एकदम जमिनीत काहीतरी सापडलं होतं. संगनमत आहे एवढं उघड होतं, पण कशात? चोरी म्हणावी तर या मूठभर नाण्यांत चोरायचं काय?

"आण ती पेटी."

त्यांनी नाणी तळहातावर ओतली. मोजायला म्हणून हात वर आणला आणि मध्येच थांबल्या. नाण्यांना कापराचा वास येत होता. घरच्या मलमाचा. रोज सकाळी त्या स्वतः नवऱ्याच्या एकेका बोटाला चोळतात, त्या मलमाचा.

त्या मशीनच्या उजव्या अंगाला गेल्या. तिथलं गोळी परतवायचं बटण बोटानं पुसलं, बोट नाकाशी नेलं. उजवं बटण लखलखत होतं. डावं जवळजवळ कोरंच.

मग मालकीणबाईंनी नाणी काउंटरवर ठेवली आणि नेहमीप्रमाणे दोन वाटे केले.

"आपलंच मशीन," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्याच डब्यातले सुटे. आणि निम्मे यांच्या गल्ल्यात."

"निम्म्याचा करार तुमच्या मालकांनीच केलाय, बाई."

"त्यांना धंद्यातलं कधी काही कळलं नाही."

एक हमाल दारात येऊन उभा राहिला. "उचलायचं?"

सून पाना घेऊन मागच्या पायाशी बसली होती. "पाय वर करू, आई? की आधी गाडीत चढवायचं?"

मालकीणबाईंनी पाणसळ उचलली, पाचर पिशवीत टाकली.

"स्टेशनवाल्याला सांगा, बाई भांडखोर आहे, देत नाही." मग सुनेकडे न बघता, "वर नको. डुगडुगतंय तेवढं थांबव. दमलेला माणूस रेलतो त्यावर."

घरी नवरा चपला घालून दारातच बसला होता. कपडे इस्त्रीचे, केस विंचरलेले. त्याचा हात मांडीवर स्वतःशीच काहीतरी वाजवत होता. मालकीणबाईंनी डबा उघडला, त्याच्या तळहातावर सुटे ठेवले. नेहमीपेक्षा जरा जास्त. बोटं मिटेपर्यंत त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

"बाईंना म्हणावं, डाव्या हाताकडेही जरा बघा. सगळा भार उजव्यावर पडतोय."

त्यानं गोंधळून वर पाहिलं.

"कुठल्या बाईंना?"

"व्यायामाच्या."

"हां," तो म्हणाला. "हां, सांगतो की."

आणि तरी तो उंबऱ्यात थांबला. मुठीतल्या नाण्यांकडे बघत, मग मालकीणबाईंकडे. त्या तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या. आतून मलमाच्या डबीचं झाकण लावल्याचा आवाज आला.