सगळेच मालक झाले तेव्हा

मित्रांनो, माझी वायर काढायला माणूस येईपर्यंत थोडं बोलून घेतो. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे अनेकांची माहिती सांभाळणारा संगणक. एका कंपनीच्या थंडगार खोलीत, लोखंडी कपाटात माझं आयुष्य गेलं.

मला उभं केलं ते कंपनीतल्या इंजिनिअर ताईंनी. कंपनीचं एकच सॉफ्टवेअर शाळा, वाचनालय आणि रक्तपेढी वापरत, आणि तिघांची माहिती माझ्या पोटात असे. ताईंनी प्रत्येकाला वेगळा रोल दिला होता. रोल म्हणजे कुणी काय वाचायचं, काय लिहायचं, काय पुसायचं याची परवानगी. त्यामुळे कुणाचा हात दुसऱ्याच्या माहितीला लागत नसे. "आमचा गडी भारी इमानी!" असं ताई कौतुकाने म्हणत.

मग एक लॉन्ड्रीवाले गिऱ्हाईक म्हणून आले. त्यांचा रोल काही केल्या जुळेना, स्वतःचीच माहिती त्यांना उघडेना. कंपनीचे साहेब ताईंच्या डोक्यावर येऊन बसले.

"अहो, ते लोक खोळंबलेत. सगळ्यांना मालकाचा रोल देऊन मोकळ्या व्हा!"

"साहेब, मग कुणीही कुणाचंही पुसू शकेल."

"कोण कशाला पुसतंय? करा हो."

ताईंनी ओठ आवळून बटण दाबलं.

दुसऱ्याच दिवशी लॉन्ड्रीतल्या कुणीतरी आपल्या चाचणीच्या नोंदी साफ करायला घेतल्या. हुकूम आला, ‘सगळं पूस.’ मालकाचाच हुकूम तो! मी शाळा पुसली, वाचनालय पुसलं, रक्तदात्यांची नावं पुसली. शेजारी ठेवलेली या सगळ्या माहितीची ताजी प्रतही पुसली.

थोड्याच वेळात रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, पडद्यावर एकही दाता दिसत नाहीये! दुर्मिळ गटाचं रक्त हवंय, मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर आहे. तिचा बाप माझ्यासमोर हात जोडून उभा आहे हो!"

बाहेर ठेवलेली एक जुनी प्रत शोधून ताईंनी ती माझ्यात भरायला घेतली. मी जिवाच्या आकांताने वाचत होतो, माझे पंखे घरघरत होते. पण त्यातले नंबर जुने. एकाचा फोन बंद, दुसरा परगावी. शेवटी शेजारच्या शहरातून रक्त निघालं. ते पोचलं तेव्हा मुलगी गेली होती.

साहेब खुर्चीत मटकन बसले. ताई माझ्या कपाटाला टेकून हमसून हमसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी प्रत्येकाचा रोल पुन्हा वेगळा बांधला. पण माझ्यावरचा सगळ्यांचा विश्वास उडाला होता. मला भंगारात काढायचं ठरलं.

भंगारात जाण्याचं मला काही वाटत नाही, मित्रांनो. उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या यंत्रापुढे बसेल, आणि मागे कुणीतरी घाई करत उभं असेल. यंत्राला ‘नाही’ म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. तेवढं म्हणा.