आकार बिघडल्याची खूण

थोरलीने स्क्रीनवरच्या चित्राला ‘टक्कर’ असा शेरा दिला आणि बघून झालं न झालं तोच पुढचं चित्र उघडलं. त्यालाही तेच. मग खुर्ची मागे सारून उठली, खिडकीपर्यंत गेली आणि उगाच परत आली.

काम दिसायला सोपं होतं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. चित्रात दोन दीर्घिका चिकटलेल्या दिसल्या, तर त्या खरंच एकमेकींत मिसळतायत, की एक पुढे आणि दुसरी तिच्यामागे कुठल्या कुठे आहे, एवढंच ठरवायचं. प्रत्येक चित्र दोघांनी बघायचं, एकमेकांना न विचारता. तिच्या जोडीला पेन्सिल होता. अंगाने इतका किडकिडीत, की सगळं ऑफिस त्याला याच नावाने हाक मारायचं.

तो कप घेऊन तिच्या टेबलाशी आला.

“या आठवड्यात आपलं जुळेना. तुला सगळीकडेच टक्कर दिसतेय. घरी भांडण झालंय का?”

“आमच्याकडे भांडणं होत नाहीत.”

“मग अवघड आहे.” त्याने एका चित्रावर बोट ठेवलं. “हे बघ. दोन्ही दीर्घिकांच्या चकत्या अगदी शाबूत. ना कुणाची शेपटी ओढली गेलीय, ना कुणाची कड वाकलीय. या दोघींना एकमेकींची खबरही नाही. आकार बिघडलेला दिसल्याशिवाय टक्कर म्हणायचं नाही, हे तूच मला शिकवलंस.”

ती एकेक शेरा पुसत बसली.

घरी खरंच भांडण झालं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी बाबांनी जेवताना सांगितलं, की कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंशी लग्न करावं म्हणतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली म्हणाली, “करा की. मी बघते माझी वेगळी खोली.” तेव्हापासून बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं. आज सकाळी बाबा अर्धवट दाढीने तिच्या दारात उभे राहिले.

“संध्याकाळी त्या येतायत. एकदा बोल. तू नको म्हणालीस तर विषय संपला.”

ती घरी पोचली तेव्हा बाई येऊन बसल्या होत्या. उंच, राखाडी केसांच्या, साध्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे ते खुर्चीच्या काठावर टेकले होते. चहाही त्यांनीच केला.

“आकाशात तुम्ही नेमकं काय बघता?” बाईंनी विचारलं.

“दोन दीर्घिका जवळ आल्या की काय होतं, ते.”

“काय होतं?”

“दोघी मोडतात.” थोरलीचा आवाज तिला हवा होता त्याहून कडक आला. “हळूहळू दोन्ही चकत्या जातात आणि एक मोठा गोळा उरतो. पुन्हा पहिल्यासारखं काही होत नाही.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“आणि त्यातले तारे? आदळतात?” बाईंनी विचारलं.

आता खोटं कसं सांगणार. “नाही. ताऱ्यांमध्ये अंतर फार असतं, ते एकमेकांच्या बाजूने निघून जातात. आदळतात ते वायूचे ढग. त्यातून नवे तारे पेटतात.”

“म्हणजे सगळे राहतात.”

“बरेचसे. काही बाहेर फेकले जातात.”

“कोण फेकतं?”

“कुणी नाही. ओढाताणीत जातात.”

बाईंनी मान हलवली. मग सरळ तिच्याकडे बघत म्हणाल्या, “तुम्ही खोली बघताय म्हणे. तुमच्या बाबांची झोप उडालीय. मी माझी जागा एवढ्यात सोडणार नाहीये. येईन, जाईन. कुणाला हलवून मला कुठे बसायचं नाही.”

थोरलीने बांगडी मागेपुढे केली. “दीर्घिकांचंही तसंच असतं. पहिल्यांदा एकमेकींतून आरपार जातात. लांब जातात. मग परत येतात.”

“किती दिवसांनी?”

“कोट्यवधी वर्षांनी.”

“मला तेवढी सवड नाही,” बाबा म्हणाले.

तिघंही हसले. थोरलीला आपल्याच हसण्याचा राग आला. ती खिडकी उघडायला उठली, ती उघडीच होती.

बाबांनी चष्मा काढला. जन्मभर शर्टाच्या टोकाने पुसणारा माणूस, खिशातून मऊ फडकं काढून काचा पुसू लागला. आधी एक, मग दुसरी, सावकाश. ती बघत राहिली.

“निघते मी,” म्हणत बाई उठल्या आणि उठताना त्यांनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं.

थोरली जागच्या जागी थबकली. बाबांची सगळी नोकरी बस कंडक्टरची. कुठूनही निघताना, हाताशी येईल त्यावर दोनदा टकटक केल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. आई यावरून त्यांना चिडवायची. त्यांच्याशिवाय ही खोड तिने कुणात पाहिली नव्हती. बाईंना तर आपण टकटक केल्याचं कळलंही नव्हतं. त्यांनी पर्स उचलली आणि त्या जिना उतरून गेल्या.

बाबा कप गोळा करू लागले. एक उचलला, परत ठेवला.

“मग? तुझं काय?”

“तुम्ही मला विचारायला उशीर केलात, बाबा. टक्कर तर कधीच होऊन गेलीय.”

त्यांचा चेहरा उतरला. “नको म्हणतेस?”

“तसं नाही म्हणत मी.” पुढे काय म्हणायचं ते तिला सापडेना. तिने त्यांच्या हातातले कप काढून घेतले. “जा, गाठा त्यांना. अंधार पडतोय. आणि मी अजून खोली बघितलेली नाही, एवढं सांगा.”

बाबांनी चपला उलट्या पायांत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. जिन्यावर त्यांची पावलं वाजत गेली.

थोरली कप तसेच हातात धरून खिडकीशी आली. बाई कोपऱ्यापर्यंत गेल्याच नव्हत्या. खाली फाटकाला टेकून उभ्या होत्या. बाबा त्यांच्यापाशी पोचले, हात हलवत काहीतरी सांगू लागले. इतक्या वरून शब्द ऐकू येत नव्हते.

त्यांनी वर बघायच्या आत ती मागे सरली.