चौकटीतले हात

ऑफिसात बसून केलेल्या कामात एक खोट हमखास राहते: तिथं सगळे धडधाकट असतात. पेन्शन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवालीनं 'घरबसल्या हयातीचा दाखला' ही सोय बनवली, तेव्हा सहकाऱ्यांनी फोनसमोर चेहरे धरले, डोळे मिचकावले आणि दाखले पटापट निघाले. साहेबांनी तिची पाठ थोपटली. तरी तक्रारी यायला लागल्या, तेव्हा ती एका तक्रारदाराच्या घरी स्वतःच जाऊन धडकली.

घर बंबवाल्या काकांचं. उभी हयात आगीचा बंब चालवण्यात गेलेली, आता कंपवातानं मान क्षणभरही स्थिर राहत नव्हती. जिना उतरणं कधीच बंद झालं होतं. महिनाअखेरपर्यंत दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार होती आणि औषधपाण्याला दुसरा आधार नव्हता.

"हलू नका," फोन म्हणाला.

"अरे बाबा, तेवढं जमत असतं तर तुझ्या पाया कशाला पडलो असतो?" काका म्हणाले.

काकूंनी मागून त्यांचे दोन्ही गाल तळव्यांत धरले. मान स्थिर झाली. लगेच पडदा लाल झाला: दुसऱ्या व्यक्तीचा हात दिसतो आहे. पुन्हा प्रयत्न करा.

"रोज असंच होतं बघ," काकू ओशाळून म्हणाल्या. "माझंच काहीतरी चुकत असणार."

कोणी समोर फोटो धरून फसवू नये म्हणून ती अट तिनंच घातली होती. "तुमचं काही चुकलं नाही, काकू," ती कशीबशी म्हणाली. "माझं चुकलं."

ऑफिसात परतल्यावर तिनं ती अट काढायचं म्हटलं, साहेब मात्र ऐकेनात. "हात चालतील म्हणतेस? उद्या कोणी मढ्याचं तोंड धरून पेन्शन उचलेल!"

"मढं डोळे मिचकावत नाही, साहेब. ते तर आपण तपासतोच. आणि फोटोही मिचकावत नाही. तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला."

साहेब कुरकुरत जिना चढले. काकूंचे हात आणि तो लाल पडदा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. खाली रस्त्यावर आल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "काढून टाक ती अट. सही मी करतो."

महिना सरायच्या आत ती पुन्हा त्या खोलीत हजर झाली. काकूंनी गाल धरले.

"डोळे मिचकावा," फोन म्हणाला.

"ते मला शिकवू नकोस," काका म्हणाले. "त्याच्याच जोरावर हिला पटवली."

"पोरीसमोर काय बोलता हो!" काकू लाजल्या, पण हात ढळू दिले नाहीत. काकांनी डोळे मिचकावले. पडदा हिरवा झाला. दाखला निघाला होता.

कॉम्प्युटरवालीनं सुटकेचा श्वास टाकला. "झालं, काकू. आता हात काढलेत तरी चालेल."

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "तेवढाच त्यांच्या मानेला विसावा."