वाउटरच्या बंदुकीची माशी

दिनकर पाटणकरने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. जत्रेतली फुगे फोडायचीसुद्धा नाही. तो कामाने सॉफ्टवेअर टेस्टर आणि स्वभावाने त्याहून जास्त टेस्टर. काहीही विकत घ्यायचं म्हटलं की आधी तक्ता करायचा. आल्मेरे या डच शहरात आल्यापासून त्याने असे तक्ते करून आपल्या रांगेतल्या तीन घरांना सायकली निवडून दिल्या होत्या आणि एकाही सायकलीबद्दल तक्रार आली नव्हती. म्हणून २०२१च्या जानेवारीत, कोरोनामुळे दुकानं बंद असताना, शेजारचा वाउटर कुंपणापाशी आला तो थेट दिनकरला शोधत.

वाउटर बहात्तर वर्षांचा, परवाना असलेला शिकारी. जवळच्या एका शेतकऱ्याचा कोवळा गहू रानहंस फस्त करायचे. त्यांचा बंदोबस्त करायचं काम त्याच्याकडे होतं. पण या हिवाळ्यात त्याचा एकही नेम लागला नव्हता. दीड मीटर अंतर राखून त्याने सांगितलं की दोष नळीच्या टोकावरच्या पितळी मण्याचा आहे. तो मणी पक्ष्यावर धरून चाप ओढायचा असतो, पण आता तो दिसतच नाही. नवा कुठला बसवावा, ते दिनकरने ठरवून द्यावं.

त्या मण्याला मराठीत माशी म्हणतात. दिनकरने घरात येऊन बायकोला, सुनीतीला, सांगितलं की वाउटरसाठी माशी बघायची आहे. तिने मान वर न करता पुण्याहून आणलेली डास मारायची रॅकेट कुठे ठेवलीय ते सांगितलं. बंदुकीची माशी म्हटल्यावर मात्र तिने मान वर केली. केकमध्ये अंडं आहे का ते तीनदा विचारणारा माणूस हंस मारायला मदत करणार, हे तिला पटेना. मारणार वाउटर, आपण फक्त निवडणार, असं दिनकरने समजावलं.

"म्हणजे यमाकडे टेस्टिंगला लागलास," सुनीती म्हणाली.

तक्ता तेवीस रकान्यांचा झाला. आठवडाभर चाळून तीन नग उरले. एक जाडसर पांढरा मणी, एक हिरवी चमकणारी काडी आणि एक रेड डॉट, म्हणजे छोटीशी काच, जिच्यातून पाहिलं की मधोमध लाल ठिपका दिसतो. तिन्ही मागवले. कायद्याने दिनकरला बंदुकीला हात लावता येत नव्हता, म्हणून त्याने ते चिकटपट्टीने व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर बसवले.

मंगळवारी अकरा वाजता स्लोटरडाइकच्या ऑफिसची ऑनलाइन मीटिंग चालू होती. आपलं बोलायचं काही नाही आणि कॅमेरा बंद आहे, अशा समजुतीने दिनकर खिडकीपाशी गेला. यातली पहिलीच समजूत खरी होती. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा घातलेला पाटणकर खांद्याला नळी लावून, एक डोळा मिटून, कालव्यातल्या बदकामागे हळूहळू वळतोय आणि तोंडाने 'ठो' म्हणतोय, हे चौदा जणांनी पाहिलं.

"दिनकर, बरा आहेस ना तू?" मंजूषाने विचारलं. ती त्याची मॅनेजर, रॉटरडॅमला घरून काम करणारी. त्याने खरं काय ते सांगितलं. ते ऐकून तर तिची खात्रीच पटली. घरात कोंडून राहून माणसांवर काय परिणाम होतो याबद्दल कंपनीचा एक फॉर्म होता, तो तिने पाठवला आणि तीन दिवसांची सक्तीची रजा दिली. रजेत दिनकरने तक्त्यात आणखी चार रकाने घातले.

रविवारी त्याने नळी सॅनिटायझरने पुसून कुंपणावर ठेवली आणि तो मागे सरकला. वाउटरला पांढरा मणी दिसला नाही. हिरवी काडी गवतासारखी पसरट दिसली. रेड डॉटमधून तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने विचारलं की यातला कुठला ठिपका हंसावर धरायचा. त्याला द्राक्षाच्या घडासारखे सहा दिसत होते. दिनकरने पाहिलं तर एकच. पुन्हा वाउटरने पाहिलं, पुन्हा सहा.

दिनकरला मनातून अतिशय आनंद झाला. दोष सापडला होता, आणि तो भलत्याच ठिकाणी सापडला होता.

"वाउटर, माशी ठीक आहे," तो जपून म्हणाला. "डोळे दाखवून घे."

पन्नास वर्षं शिकार करणाऱ्याला हे लागलं. दोन दिवस तो कुंपणाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेला, ते तेवढं चालू होतं, आणि जाड भिंगांचा नंबर घेऊन आला. चष्मा आल्यावर त्याला जुना पितळी मणी लख्ख दिसला. आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच कळलं की दिनकरला मिशी आहे.

उपकार फेडायला वाउटर त्याला शेतावर घेऊन गेला, अर्थात दोघं दोन गाड्यांतून. फेब्रुवारीतली गोठवणारी सकाळ होती. दोघं चराच्या आडोशाला, मधे दीड मीटर सोडून बसले. हंस आले, उतरले. वाउटरने बंदूक खांद्याला लावली आणि मणी बरोबर पक्ष्यावर धरला. थंड हवेने दिनकरच्या घशात मघापासून खवखवत होतं. त्याने ते मोठ्या निग्रहाने दाबून धरलं होतं. ते नेमकं आता सुटलं.

वाउटरने हंसांकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदूक उतरवली, काडतुसं काढली आणि आठ पावलं दूर जाऊन उभा राहिला.

"कधीपासून आहे हा खोकला?" त्याने तिथून विचारलं.

तोवर दुसरी उबळ आली आणि अख्खा थवा उडाला, तो पार पलीकडच्या गावाच्या दिशेने गेला.

दिनकरची टेस्ट निगेटिव्ह आली. शेतकऱ्याचा दोन दिवसांनी वाउटरला फोन आला की हंस अजून परतलेले नाहीत, तर ते खोकणारे गृहस्थ दर गुरुवारी येऊ शकतील का. यात कुणी मरत नसल्याने सुनीतीची हरकत उरली नाही. गुरुवारी पहाटे तिनेच उठून थर्मासमध्ये चहा भरून दिला. आलं मात्र घातलं नाही, उगाच घसा मोकळा व्हायचा.