पडवीतली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. घडीची, जाड कापडाची. लिस्बनमधल्या एका सुताराने मला बनवलं आणि कॅप्टन बाल्ताझार नोगेइरांनी घेतलं. आफ्रिकेत, दक्षिणेतल्या लढाईत त्यांचा गुडघा निकामी झाला, तेव्हा त्यांना तिकडच्याच झांबेझी नदीकाठच्या एका पोर्तुगीज ठाण्याचा कारभार मिळाला. तिथल्या पडवीत सहा वर्षं माझ्यावर बसून त्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकली.

माणूस निर्दयी नव्हता. तापकऱ्यांना स्वतः औषध पाजायचे. पण वरून आलेला हुकूम त्यांनी कधी परतवला नाही. इथली भाषा त्यांना येत नसे. दुभाष्या फाउस्तिनो सांगेल तेवढंच कळे. मला मात्र ऐकून ऐकून दोन्ही भाषा समजू लागल्या होत्या.

एकदा रस्त्याच्या कामासाठी दोनशे माणसं पकडून न्यायचा हुकूम आला. पाऊस तोंडावर आलेला. म्हातारा गावप्रमुख चताला येऊन जमिनीवर बसला.

"पेरणी उरकू दे. मग माझे दोन्ही मुलगे मीच आणून उभे करतो."

"नाही जमायचं," कॅप्टन म्हणाले. "शिपाई सोमवारी येतील. सांग त्याला."

फाउस्तिनो त्याच गावचा जावई. तो घुटमळला. मग म्हणाला, "साहेब म्हणतात, बघू. तुम्ही घरी जा, मामा."

म्हाताऱ्याने आभाराच्या टाळ्या वाजवल्या आणि हसत गेला. मला सगळं कळत होतं. पण खुर्ची कशी बोलणार?

एरवी शिपाई येणार म्हटलं की गाव रानात पळे. या वेळी कुणीच पळालं नाही. सोमवारी सगळे शेतातच सापडले. दोरखंडाने बांधून नेले. चतालाचा थोरला मुलगा सुरुंग उडवताना मेला.

चताला पुन्हा आला. उभाच राहिला.

"जावईबापू, तुमच्या शब्दावर मी पोरांना घरी थांबवलं. विचारा साहेबाला, तो खरंच 'बघू' म्हणाला होता का?"

"काय म्हणतोय?" कॅप्टननी विचारलं.

फाउस्तिनोने मान वर केली नाही. "पाय दुखतात म्हणतोय, साहेब."

कॅप्टन काठी टेकत उठले. मला पुढे सरकवत म्हणाले, "बसव त्याला."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि न बसता निघून गेला.

"मानी आहे," कॅप्टन म्हणाले. जरा दुखावले होते.

पुढच्या वर्षी ते मायदेशी गेले. जाताना मला फाउस्तिनोला दिलं. आता मी त्याच्या अंगणात असते. कापड विरलंय. तो माझ्यावर बसत नाही; शेजारी चटई टाकतो.

तुमच्यापैकी कुणी लिस्बनला गेलंच, तर कॅप्टनना एवढं सांगा: त्या म्हाताऱ्याचे पाय दुखत नव्हते.