खिडकीकडे पाठ

सातवी ब च्या दारापाशी पोचले की मी आत जायचं लांबवायची. मी तेवीस वर्षांची, आणि आतली बेचाळीस मुलं जेमतेम बारा वर्षांची. तरी घाबरायची मी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी रोज उगाचच पदर नीट करायची, खडू मोजायची, घसा खाकरायची. आतला गोंगाट काही कमी व्हायचा नाही.

मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "शिकवणं येईल हळूहळू. पण वर्ग आवरता आला पाहिजे. नाही आवरला तर तीन महिन्यांनी आपण एकमेकींचा निरोप घेऊ." त्याला अडीच महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत शेजारच्या वर्गावरचे चित्रकलेचे सर दोनदा माझ्या दारात येऊन, "बाई, सगळं ठीक आहे ना?" असं विचारून गेले होते. बिचारे चांगल्या मनानं विचारायचे, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि वर्गात ती रेडिओ होती. खरं नाव हजेरीपुरतं. एरवी शिपाईमामांपासून सगळे तिला रेडिओच म्हणायचे, कारण तिचं बटण कधी बंद व्हायचंच नाही. मी फळ्याकडे वळले की ती माझा आवाज काढायची. "तर मुलांनो," आणि मग एक बारीकसा खोकला. इतका हुबेहूब की एकदा मलाच वाटलं, मी बोलले.

आई तीस वर्षं मास्तरीण होती. तिच्या वर्गात म्हणे टाचणी पडली तरी ऐकू यायची. मी रोज रडवेली होऊन घरी येते हे बघून तिनं एका रविवारी मला समोर बसवलं.

"हसतेस का वर्गात?" तिनं विचारलं.

"कधीकधी."

"बंद कर. आणि उभी कुठे राहतेस?"

"फळ्यापाशी. फळ्याशेजारी मोठी खिडकी आहे, तिथे ऊन येतं म्हणून जरा बाजूला."

"वेडी आहेस! खिडकीकडेच पाठ करून उभी राहा. उजेड त्यांच्या तोंडावर येतो. तुला त्यांची तोंडं दिसतात, तुझं त्यांना धड दिसत नाही. तू घाबरलीस हे कळणार कसं? आणि एकाला पहिल्याच मिनिटाला बाहेर काढ. बाकीचे आपोआप गप्प बसतात."

मंगळवारी तिसऱ्या तासाला मी न हसता वर्गात शिरले. मैदानावरून शिट्ट्यांचा कलकलाट येत होता, म्हणून खिडकीच्या काचा लावून घेतल्या, कडी घातली आणि खिडकीला पाठ करून उभी राहिले. रेडिओ शेजारणीच्या कानात काहीतरी सांगत होती.

"ऊठ. बाहेर हो."

तिला आधी खरंच वाटलं नाही. ती हसली. मग माझं तोंड बघायचा प्रयत्न करत, डोळे बारीक करून, उठून दाराबाहेर गेली. मी वर्गाकडे वळले. "आता ज्याचं तोंड उघडेल तो तिच्या मागोमाग जाईल, आणि आईवडिलांना घेऊनच परत येईल. कळलं?"

कळलं. पण सगळ्यांना नाही. पाचेक मिनिटांनी मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग तीनचार जण. मी टेबलावर डस्टर असा आपटला की पहिल्या बाकावरची मॉनिटर दचकली. "पुन्हा एक आवाज आला तर बघा!"

त्यानंतर आवाज आला नाही.

मी वारे शिकवत होते. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो, म्हणून वारा कुठून कुठे वाहतो. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला माझाच आवाज ऐकू येत होता. वर्ग चिडीचूप. एकेचाळीस चेहरे समोर, सगळे माझ्याकडे. कुणी खोडरबर फेकत नव्हतं, कुणी बाक वाजवत नव्हतं. टेबलावर एक सावली पडली, मला वाटलं ढग आला. दारातल्या काचेपाशी मोठ्या बाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या, हातातल्या वहीत काहीतरी लिहिलं, मान डोलावली आणि पुढे गेल्या. मला आनंदानं नाचावंसं वाटलं. जमलं म्हटलं, आईच बरोबर होती. मी आणखी जोरात शिकवायला लागले.

मग मॉनिटर रडताना दिसली. आवाज न करता, तोंड घट्ट मिटून, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतसुद्धा नव्हती. आधी मला रागच आला. एवढं काय रडायचं ते! मग मी इतरांकडे नीट पाहिलं. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे लागली होती.

मी वळले.

काचेच्या पलीकडे, खिडकीच्या गजांना दोन्ही मुठींनी धरून, रेडिओ बाहेरच्या छज्ज्यावर उभी होती. वीतभर रुंदीचा छज्जा, आणि दोन मजले खाली नळांचा सिमेंटचा ओटा. डोळे गच्च मिटलेले, गाल गजाला दाबलेला, एका पायात बूट नव्हता. जिन्याजवळच्या गच्चीच्या दारातून ती छज्ज्यावर उतरली होती. माझ्या पाठीमागे उभं राहून वर्गाला हसवायचं होतं तिला, आणि एकदा हसवलंही होतं. मग तिनं खाली पाहिलं.

किंकाळी अगदी ओठांवर आली होती. ती मी गिळली, कारण किंचाळले असते तर ती दचकली असती. काचा आत उघडणाऱ्या होत्या. कडी दोनदा हातातून निसटली, तिसऱ्यांदा निघाली. गजांमधून हात घालून मी तिची दोन्ही मनगटं धरली. बर्फासारखी गार होती.

"मी धरलंय," मी म्हटलं. "सोडणार नाही."

तिनं डोळे उघडले नाहीत. तिचे दात वाजत होते.

आता मला तिथून हलता येत नव्हतं. वर्गाकडे तोंड करता येत नव्हतं, डस्टर आपटता येत नव्हता, ओरडता तर मुळीच येत नव्हतं. माझ्या पाठीशी एकेचाळीस मुलं होती आणि कुजबुज वाढायला लागली होती. एकानं हुंदका दिला. ती सगळी एकदम ओरडत खिडकीशी धावली तर काय होईल, या विचारानं माझी पाचावर धारण बसली.

मग माझा घरचा आवाज बाहेर आला. लहान भावाला ताप आला की मी त्याच्याशी ज्या आवाजात बोलायची तो.

"मॉनिटर, बाळ, डोळे पूस. खाली मैदानावर जा. मामांना आणि खेळाच्या सरांना सांग, रस्सीखेचीचा दोर घेऊन गच्चीच्या दाराशी या. पळू नकोस, पडशील. भरभर चाल."

ती गेली.

"बाकीच्यांनी जागेवर बसायचं. मला तुमची मदत लागणार आहे. रेडिओ तुम्हाला रोज काय काय सांगते ना? ते आता तुम्ही तिला सांगा. एकेकानं. हळू."

क्षणभर कुणी बोलेना. बोलतील कशी? तोंड उघडू नका असं मीच दटावलं होतं. माझ्या तळव्यांना घाम फुटला होता आणि तिची मनगटं निसटतील असं वाटत होतं.

"बोला रे," मी म्हटलं. "मला खूप भीती वाटतेय."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, चिरका. "रेडिओ, मुंगी हत्तीच्या घरी गेली, तो सांगू?"

त्यानं तो विनोद सगळा चुकवला. हत्तीच मुंगीच्या घरी गेला. दुसरीनं त्याला दुरुस्त केलं. तिसऱ्यानं माझी नक्कल केली, "तर मुलांनो," आणि खोकला. तो खोकला ऐकून रेडिओच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं एक डोळा उघडला आणि कशीबशी पुटपुटली, "असा नाही खोकत त्या."

"मग तू दाखव नंतर," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. दहा मिनिटं असतील. मामा कमरेला दोर बांधून, भिंतीला पोट लावून, छज्ज्यावरून इंचाइंचानं सरकत आले. दोराचं दुसरं टोक गच्चीच्या दारात खेळाच्या सरांनी आणि चित्रकलेच्या सरांनी धरलं होतं. मामांनी तिच्या कमरेभोवती हात घातला. "चल ग पोरी, पाय माझ्या पायाशी. खाली नको बघू, माझ्या टकलाकडे बघ." मग मामा मला म्हणाले, "बाई, आता सोडा तुम्ही." मला सोडताच येईना. माझी बोटं त्यांना एकेक करून उकलावी लागली.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. रेडिओचे वडील नुकतेच येऊन गेले होते. ते नुसते लेकीचा हात धरून गेले होते. बाईंनी वही माझ्यासमोर सरकवली. तीत लिहिलं होतं: तिसरा तास, सातवी ब. वर्गावर उत्तम नियंत्रण. एकही मूल हललं नाही.

"दारातून बाकं तेवढी दिसतात," त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. "मी खूश होऊन गेले हो. मुलं कुठे बघतायत हे मीसुद्धा पाहिलं नाही."

मी म्हटलं, "मला काढून टाका."

"काढून टाकलं तर तुम्ही दुसऱ्या शाळेत जाल आणि तिथल्या खिडकीला पाठ करून उभ्या राहाल. त्यापेक्षा महिनाभर याच वर्गात शेवटच्या बाकावर बसा. शिकवायचं नाही. बघायचं."

घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. ती जेवत होती. घास हातातच राहिला. "माझ्या वर्गात तीस वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही," ती म्हणाली, आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर, रेडिओच्या शेजारी बसते. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. चित्रकलेच्या सरांच्या तासाला वर्गात सतत गुणगुण चालू असते आणि त्यांचं तिकडे लक्षही नसतं. पण ती गुणगुण थांबली की ते लगेच मान वर करतात आणि चालत त्या बाजूला जातात. ते एका जागी कधी उभे राहत नाहीत. मी हे सगळं वहीत लिहून घेते.

काल रेडिओ पानभर आकाश रंगवत होती. मला राहवेना. मी हळूच विचारलं, "काच हातभरसुद्धा लांब नव्हती ग. एकदा टकटक का नाही केलंस?"

"करणार होते," ती रंगवता रंगवता म्हणाली. "दोनदा बोट उचललं."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही ओरडाल."

तेवढ्यात समोरून सरांचा आवाज आला, "मागे कोण बोलतंय?"

वर्गातली सगळी तोंडं आमच्याकडे वळली. मी उभी राहिले. म्हटलं, "मी, सर." सर रागावले नव्हते. मला माहीत होतं, ते रागावत नाहीत. तरी माझ्या दोन्ही मुठींनी बाकाची कड घट्ट धरली होती.