ताईच्या कमरेची हवा

माणसाने आग काबूत आणली, पाणी अडवलं. पण त्याची खरी परीक्षा घेतली ती हवेने. या परीक्षेत आमचे भावोजी रोज सकाळी सहा वाजता नापास होत.

ताईच्या डोंगरी सायकलीच्या मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दांड्यात, स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा आहे. भावोजी रोज पंप लावून ती मोजत. काटा कालच्यापेक्षा खालीच. "गळतोय," म्हणून ते कालच्या आकड्यापर्यंत भरत आणि वर "असू दे" म्हणून थोडी जास्त. महिन्याभरात शॉक दगड झाला आणि प्रत्येक खड्डा थेट ताईच्या कमरेत पोचू लागला. शेवटी घरात ठरलं : रविवारी टेकडीवरची खडकाळ वाट उतरून कंबर दुखली, तर सायकल विकायची. गिऱ्हाईक भावोजींनी हेरूनच ठेवलं होतं.

शनिवारी मी दोघांना सायकलींचे शॉक दुरुस्त करणाऱ्या हवावाल्या बाईंच्या वर्कशॉपमध्ये नेलं. बाईंनी काटा पाहिला, मग भावोजींकडे पाहिलं.

"रोज मोजता?"

"रोज. एक दिवस चुकवलेला नाही."

"दिसतंय. अहो, पंप लावला की शॉकमधली थोडी हवा त्याच्या नळीत शिरते, म्हणून काटा उतरतो. शॉक गळत नाही. तुम्ही गळताय."

"म्हणजे बघायचंसुद्धा नाही?"

"बघा की. लांबून."

ताई इतकी हसली की कमरेत कळ आली.

बाईंनी तिला हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असा सगळा साज चढवून सायकलवर बसवलं. "घरातलं वजन नको, डोंगरावरचं पाहिजे." तिच्या वजनाने शॉक किती दबला ते कळायला दांड्यावरची रबरी कडी कुठवर सरकली ते पट्टीने मोजलं. हवा सोडली, पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. अकरा वेळा. मग शॉक किती झपाट्याने उसळावा ते ठरवणारी लाल खुंटी एकेक टिचकी फिरवत ताईला पायरीवरून उतरायला लावलं. "एकदा दबायचं, एकदा उठायचं. सायकलने दुसऱ्यांदा मान डोलावली तर अजून जमलं नाही." एवढ्या निगुतीने लोक लग्नंसुद्धा जमवत नाहीत. मी तासभर हात मागे बांधून, देवळात उभं राहावं तसा उभा होतो.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी भावोजी गिऱ्हाईकासकट हजर. ताई खाली आली.

"कंबर?"

"जागेवर आहे. परत एकदा जाऊन येऊ?"

गिऱ्हाईक घरी गेलं.

सायकल तिसऱ्या मजल्यावर चढवताना भावोजींची कंबर धरली.